कंपनीचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना कोणत्या वाक्यावर विश्वास ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार महिने नोकरी नाही. आता डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेची ऑफर आली आहे आणि उत्तर द्यायला आठवडा आहे. इंटरव्ह्यू चांगले झाले. पण सुमारे ९०० माणसांच्या त्या कंपनीचे ग्लासडोरवर (कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल नाव न देता लिहितात आणि पाचपैकी तारे देतात ती वेबसाइट) ५२ रिव्ह्यू आहेत, सरासरी ३.६. निम्मे लोक म्हणतात याहून चांगली जागा मिळणार नाही, उरलेले म्हणतात इकडे फिरकूही नका. पाच तारे दिलेले १६ रिव्ह्यू मार्च आणि एप्रिल या दोनच महिन्यांत आलेत, हेही तुम्ही मोजलंत. घरी तीन वर्षांची मुलगी आहे, जोडीदार आठवडाभर बाहेरगावी असतो आणि फक्त रविवारी घरी येतो. अशा वेळी यातलं काय खरं धरायचं?

भरतीच्या कामात माझी १९ वर्षं गेली. त्यातली १२ मी कंपन्यांच्या एचआर विभागात होते, नंतर नोकरी शोधणाऱ्यांना सल्ला द्यायला लागले. त्यामुळे हे रिव्ह्यू कसे जन्माला येतात ते मी आतून पाहिलंय. आधी तेच सांगते.

मी ज्या एका कंपनीत होते तिथे नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ईमेल जायचा: तुमचा अनुभव लिहा, ही लिंक. तो ईमेल मीच पाठवत असे. आठ दिवस झालेल्या माणसाला कसला अनुभव असणार? लॅपटॉप वेळेवर मिळाला, टीमने जेवायला नेलं, सगळे गोड बोलले. तो पाच तारे द्यायचा आणि त्यात खोटं काहीच नसायचं. पण त्याच कंपनीत दोन-तीन वर्षं काढलेले लोक राजीनामे देत होते, कारण अप्रेझल सहा-सहा महिने लांबत होतं. रिव्ह्यूंमध्ये त्याचा मागमूस नव्हता. ते वाचून कुणीतरी आपली बरी चाललेली नोकरी सोडून आमच्याकडे आलं असणार, हा विचार मला अजून त्रास देतो. म्हणूनच तुम्हाला इतकं लांबलचक उत्तर लिहितेय.

हा प्रकार एका कंपनीपुरता नाही. २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ग्लासडोरवरचे लाखो रिव्ह्यू तपासले. ४०० हून जास्त कंपन्यांच्या बाबतीत एखाद्याच महिन्यात रिव्ह्यूंची अचानक लाट आलेली दिसली, आणि अशा बहुतेक लाटांमध्ये कौतुकाचं प्रमाण आजूबाजूच्या महिन्यांपेक्षा बरंच जास्त होतं. तुमच्या कंपनीचं गणित मांडून पाहा. ५२ जणांची साधी सरासरी ३.६ म्हणजे एकूण साधारण १८७ तारे. त्यातून त्या १६ जणांचे ८० वजा केले की ३६ जणांचे १०७ उरतात, म्हणजे सरासरी जेमतेम ३. शिवाय ग्लासडोर एकूण रेटिंग काढताना ताज्या रिव्ह्यूंना जास्त वजन देतं, त्यामुळे नुकत्याच आलेल्या लाटेचा परिणाम याहूनही मोठा असू शकतो.

याचा अर्थ ते १६ रिव्ह्यू बनावट आहेत असा मात्र काढू नका. ते मागवलेले असावेत, इतकंच म्हणता येईल. सांगून लिहिलेल्या रिव्ह्यूतही खरी माहिती असते, ती कुठे शोधायची याकडे मी येतेच.

दुसरी बाजूही तितकीच तपासून घ्यायला हवी. आपणहून लिहायला बसतो तो बहुधा खूप खूश असतो नाहीतर खूप दुखावलेला. नान हू, पॉल पावलू आणि जिए झांग या संशोधकांनी २००९ मध्ये वस्तूंच्या रिव्ह्यूंबद्दल हेच दाखवलं होतं: पाच ताऱ्यांचा मोठा ढीग, एका ताऱ्याचा छोटा ढीग, मधे फारसं कुणी नाही. नोकरीत तर भावना आणखी तीव्र असतात. ग्लासडोरवर इतरांचं सगळं वाचायचं तर आधी स्वतः काहीतरी लिहावं लागतं, असा नियम आहे. अनेकांना तो जाचक वाटतो. पण अर्थतज्ज्ञ आयोआना मारिनेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासडोरच्याच माहितीवर अभ्यास केला तेव्हा असं दिसलं की या नियमामुळे लिहिणाऱ्यांचे रिव्ह्यू आपणहून लिहिणाऱ्यांपेक्षा कमी टोकाचे असतात. एरवी गप्प राहणारा मधला माणूस त्यामुळे लिहिता होतो. म्हणून तीन ताऱ्यांचा, चार ओळींचा, जरा कंटाळवाणा वाटणारा रिव्ह्यू सोडून देऊ नका. त्या माणसाला काही सिद्ध करायचं नसतं.

आणि ९०० पैकी ५२ म्हणजे शंभरात सहासुद्धा नाहीत, त्यातही काही सोडून गेलेले. आठ-दहा वर्षं समाधानाने काम करणारे लोक सहसा रिव्ह्यू लिहीत नाहीत. कंपनीने पैसे देऊन बाहेर काढलेले लोकही लिहीत नाहीत, कारण कंपनीबद्दल वाईट बोलणार नाही अशी अट त्यांच्याकडून अनेकदा सही करून घेतलेली असते. दोन्ही टोकांचे सर्वांत जास्त माहिती असलेले लोक तिथे नसतात, हे ध्यानात ठेवूनच वाचायला बसा.

आता कसं वाचायचं ते.

मी तारे बघतच नाही. सुरुवात करते ती पाच तारे देणाऱ्यांच्या ‘तोटे’ या रकान्यापासून आणि एक तारा देणाऱ्यांच्या ‘फायदे’ या रकान्यापासून. उरलेलं नंतर. कौतुक करायला बसलेल्या माणसाने मान्य केलेली उणीव आणि संतापून लिहिणाऱ्याने मान्य केलेली चांगली गोष्ट, ही दोन प्रकारची वाक्यं मला सर्वांत भरवशाची वाटतात, कारण ती लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या कलाच्या विरुद्ध जातात. आपल्या म्हणण्याला छेद देणारं वाक्य माणूस उगाच लिहीत नाही, ते खरं असतं म्हणून त्याच्याकडून लिहिलं जातं. संतापलेल्या माणसाने ‘पगार मात्र ठरलेल्या तारखेला होतो’ असं लिहिलं असेल तर पगार वेळेवर होतो हे मी जवळपास पक्कं धरते. आणि एवढं प्रामाणिकपणे लिहिलंय म्हणून त्याच माणसाच्या तक्रारीलाही जास्त वजन देते.

याउलट पाच ताऱ्यांखाली तोटे म्हणून ‘काहीच नाही’ किंवा ‘कँटीनमध्ये गर्दी असते’ एवढंच असेल तर त्या रिव्ह्यूतून मला काही मिळालं नाही, असं समजून पुढे जाते. ‘ऑडिटच्या दोन महिन्यांत रात्रीचे दहा वाजतात, एरवी सहाला निघता येतं’ असं लिहिलं असेल तर तो माणूस तिथे खरोखर बसलेला आहे. भाषेकडेही लक्ष द्या. काम करणारा माणूस रजा कोण मंजूर करतं, लॉगिन कधी मिळतं, दुसऱ्या टीमकडून फाइल यायला किती दिवस लागतात हे लिहितो. ‘नेतृत्वाची दूरदृष्टी’ आणि ‘वाढीच्या अमर्याद संधी’ हे शब्द ऑफिसात चहा पिताना कुणाच्या तोंडी येत नाहीत, ते कंपनीच्या माहितीपत्रकातून उचललेले असतात.

इथे एक सावधगिरी हवी, नाहीतर तुम्ही खऱ्या माणसांनाच खोटं ठरवाल. मोघम लिहिलेला प्रत्येक रिव्ह्यू बनावट नसतो. सहा जणांच्या टीममधला माणूस तपशील देईल तर दुसऱ्या दिवशी ओळखला जाईल. ही भीती निराधार नाही. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने ग्लासडोरला आदेश दिला होता की झुरू या खेळण्यांच्या कंपनीबद्दल माजी कर्मचारी म्हणून निनावी लिहिणाऱ्यांची ओळख पटेल अशी माहिती द्या. कंपनीला न्यूझीलंडमध्ये बदनामीचा दावा लावायचा होता. शिवाय सर्वोच्च पदांवरच्या मंडळींखेरीज कुणाचं नाव लिहायला ग्लासडोरचे नियमच परवानगी देत नाहीत. त्यामुळे ‘एक मॅनेजर’ एवढंच वाचायला मिळतं. मोघम कौतुक आणि मोघम तक्रार यांना मी एकाच मापाने मोजत नाही, कारण कौतुक करणाऱ्याला लपण्याचं काही कारण नसतं. त्याने तपशील का दिला नाही, हा प्रश्न रास्त आहे. तक्रार करणाऱ्याच्या बाबतीत तो प्रश्न जपून विचारावा लागतो.

तक्रारींचंही वजन सारखं नसतं, आणि बहुतेक लोक चुकतात ते इथेच. वीस जणांनी ‘राजकारण फार आहे’ लिहिलेलं वाचून माणूस घाबरतो आणि दोघांनी ‘पगार दोनदा उशिरा झाला’ लिहिलेलं नजरेआड होतं. मी उलट करते. पगाराची तारीख चुकणं, सोडून गेलेल्यांचा हिशेब महिनोन्महिने रखडणं, ऑफरमध्ये एक काम आणि हातात दुसरंच, छळाची तक्रार केल्यावर तक्रार करणाऱ्यालाच हलवणं, या घटना आहेत. त्या घडल्या किंवा घडल्या नाहीत, मधलं काही नसतं. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या शब्दांत दोघांनी जरी असं काही लिहिलेलं असेल तरी मी थांबते आणि खात्री केल्याशिवाय पुढे जात नाही. रुजू होण्याआधी कुणी पैसे मागत असेल तर खात्री करण्यातही वेळ घालवू नका, तिथे जाऊच नका.

‘राजकारण’, ‘वशिला’, ‘वाढ नाही’ हे शब्द मी ज्या ज्या कंपनीत काम केलं तिथल्या प्रत्येकीबद्दल ऐकलेत. त्यांना अर्थ येतो तो कसं घडतं हे सांगितल्यावर. ‘बढतीची नावं एकच विभागप्रमुख ठरवतो आणि निकष कुणालाच दाखवत नाहीत’ यात तपासण्यासारखं काहीतरी आहे. आणि काही तक्रारी तर निव्वळ स्वभावाच्या असतात. ‘इथे काही पद्धत नाही, सगळं स्वतःच शोधावं लागतं’ हे वाचून एकाला धडकी भरेल आणि दुसऱ्याला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटेल. तुम्ही यातल्या कोण, हे रिव्ह्यू लिहिणारा ठरवू शकत नाही.

कंपनी ही एक वस्तू असल्यासारखे आपण तिचे गुण वाचतो, पण आत शिरल्यावर तुमच्या वाट्याला येतो एक मॅनेजर, एक टीम आणि एक ठरावीक काळ. सेल्सवाल्याने टार्गेटच्या जाचाबद्दल लिहिलेलं तुम्हाला फारसं लागू नाही. म्हणून आधी पदानुसार गाळा, मग काळानुसार. गेल्या दोन वर्षांचे रिव्ह्यू आधी वाचा. मधे कंपनी विकली गेली, मुख्य अधिकारी बदलला किंवा मोठी कपात झाली असेल तर त्या तारखेला मनाशी एक रेघ मारा. रेघेच्या अलीकडचं आणि पलीकडचं वेगवेगळं वाचा. एखादी तक्रार रेघेच्या दोन्ही बाजूंना सापडली तर ती कुणा एका साहेबाची नसते, ती त्या जागेच्या अंगवळणी पडलेली असते. असं काही सापडलं तर ते वहीत लिहून ठेवा.

कंपनीने दिलेल्या उत्तरांवरूनही थोडंफार कळतं. प्रत्येक तक्रारीखाली तेच ते ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ चिकटवलेलं असेल तर त्यातून चांगलं-वाईट काहीच ठरत नाही. काय बदललं आणि केव्हापासून, हे सांगणारं उत्तर चांगलं लक्षण. ‘तुम्ही कोण आहात ते आम्हाला ठाऊक आहे’ असा सूर असेल तर मी ते पूर्ण गांभीर्याने घेते. चारचौघांत असं बोलणारे बंद दाराआड कसं बोलत असतील?

तिथल्या पगाराच्या आकड्यांवर ऑफरची घासाघीस करू नका. ते लोकांनी स्वतः भरलेले असतात, जुने असतात, आणि एकाच पदनामाखाली दोन वर्षांचा आणि दहा वर्षांचा अनुभव एकत्र झालेला असतो.

एवढं वाचून झाल्यावर हातात निकाल येत नाही, दोन-तीन नेमके प्रश्न येतात. रिव्ह्यूंचा खरा उपयोग मला तेवढाच वाटतो. ते प्रश्न घेऊन माणसांकडे जा. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला ‘मी ऑनलाइन असं वाचलं’ म्हटलंत तर तो बचावाच्या पवित्र्यात जाईल. साधं विचारा: या जागेवर आधी कोण होतं आणि ते आता कुठे आहेत? गेल्या वर्षभरात या टीममधून किती जण गेले? शेवटचं अप्रेझल ठरलेल्या महिन्यात झालं का? हाच प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारता आला तर उत्तम, कारण उत्तरं जुळत नाहीत तिथे काहीतरी असतं. एचआरमध्ये असताना या प्रश्नांना मीही उत्तरं दिली आहेत. ज्या टीमचं बरं चाललेलं असे तिच्याबद्दल सांगताना मला आठवावं लागत नसे. जिथे अडचण असे तिथे मी वाक्यं जुळवत असे, आणि समोरच्या हुशार उमेदवाराला ते कळत असे.

त्याहून मोलाचा असतो सहा महिने ते दोन वर्षांपूर्वी ती टीम सोडून गेलेला माणूस. लिंक्डइनवर असे दोन-तीन जण सापडतात. दहा प्रश्नांची यादी पाठवू नका, एकच विचारा: त्याच मॅनेजरच्या हाताखाली पुन्हा काम कराल का? मला आजवर आलेली बहुतेक उत्तरं दोन ओळींची होती आणि त्या दोन ओळी ५२ रिव्ह्यूंपेक्षा जास्त सांगून गेल्या. कुणी ‘फोनवर बोलू’ म्हणालं तर नक्की बोला. लिहून द्यायला कचरणारी माणसं फोनवर मोकळेपणाने सांगतात.

आता तुमच्या कंपनीबद्दल. तुम्ही पाठवलेले सगळे रिव्ह्यू मी याच पद्धतीने वाचले. ५२ पैकी एकानेही पगार उशिरा झाल्याचं किंवा हिशेब अडकल्याचं लिहिलेलं नाही, आणि दोन संतापलेल्या माणसांनी पगार वेळेवर होतो असं स्वतःहून म्हटलंय. ही बाजू मी निश्चिंत मानते. राजकारणाच्या तक्रारी आहेत, पण त्या सेल्सच्या आणि तीन वर्षांपूर्वीच्या. त्या मी बाजूला ठेवल्या.

माझं लक्ष दोन वाक्यांवर अडकलं. गेल्या वर्षी दोन तारे देणाऱ्या अ‍ॅनालिस्टने लिहिलंय: ‘शिकायला भरपूर मिळतं, पण सोमवारी सकाळी रिपोर्ट लागतो म्हणून रविवार जातो.’ आणि मार्चच्या लाटेतल्या, पाच तारे देणाऱ्या एकाने तोट्यांच्या रकान्यात लिहिलंय: ‘रविवारी थोडं काम असतं, सवय होते.’ एक निघून गेलेला, दुसरा खूश असलेला, दोघांमध्ये जवळपास वर्षाचं अंतर, आणि दोघेही एकच दिवस सांगतायत. मागवलेल्या रिव्ह्यूतूनही खरं बाहेर येतं ते असं. या टीमचे रविवार जातात, हे मी खरं धरून चालेन. तुमच्या घरी तिघं एकत्र असण्याचा तोच एक दिवस आहे.

म्हणून प्रश्न एवढाच विचारायचा: सोमवारच्या रिपोर्टचा डेटा कधी हातात येतो, तो रिपोर्ट आळीपाळीने करतात की एकाच माणसाकडे असतो, आणि रविवारी काम केलं तर बदली सुट्टी मिळते का? आळीपाळीने असेल, म्हणजे महिन्यातून एखादा रविवार, आणि बदली सुट्टी ईमेलवर लिहून मिळत असेल, तर चार महिन्यांच्या खंडानंतर मी ही ऑफर घेईन. वेळेवर पगार आणि शिकायला मिळणारं काम या दोन्ही गोष्टी तिथे आहेत असं दिसतंय. दर रविवार तुमचाच असेल तर मी आधी डेटा शनिवारी मिळण्याची व्यवस्था होऊ शकते का ते विचारेन. नाही म्हणाले तर नकार द्यायचा की शोध चालू ठेवून काही महिने काढायचे, हे तुमच्याकडे किती महिन्यांची पुंजी शिल्लक आहे त्यावर अवलंबून आहे. तो आकडा तुम्ही लिहिलेला नाही. जोडीदाराबरोबर बसून तो आज रात्रीच काढा.

उत्तराची मुदत दोन दिवस वाढवून मागा, त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही. आणि हा प्रश्न एचआरला विचारू नका. ज्या मॅनेजरने तुमचा दुसरा इंटरव्ह्यू घेतला त्यांना उद्या सकाळी फोन लावा. टीममध्ये कोणाचा रविवार जातो हे त्यांनाच माहीत असतं.